पोटावरच्या व्रणाखाली हाड

शेतीच्या कामात पोटाला मार बसण्याचे प्रसंग थोडे नसतात. बैल उधळतो आणि शिंग पोटात घुसते. माडावर चढलेल्या पाडेल्याचा पाय निसटतो. ट्रॅक्टर बांधावरून उलटतो. अशा माणसाला तातडीने इस्पितळात नेतात, रात्रीतून पोट उघडतात, फाटलेले आतडे शिवतात, वाहणारे रक्त थांबवतात आणि माणूस वाचतो. महिन्याभराने तो घरी येतो तेव्हा घरच्यांना हायसे वाटते.

मग काही महिने जातात. एक दिवस आंघोळ करताना पोटावरच्या व्रणावरून हात फिरतो आणि हाताला काही कठीण लागते. बोटभर लांबीची, दगडासारखी पट्टी. दाबली तर दबत नाही. खाली वाकले, ओझे उचलले की टोचते. घरात चर्चा सुरू होते. एकजण म्हणतो, डॉक्टरांनी आत कात्री विसरली असेल. दुसरा हळूच म्हणतो, गाठ आहे म्हणजे कॅन्सरच. तिसरा सांगतो, तेल लावून जोराने चोळ, विरघळून जाईल. शेजारची आजी बिब्बा घालायला सांगते.

यांहून निराळी एक शक्यता असते आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. व्रणाखाली लागणारी ती वस्तू खरोखरीचे हाड असू शकते. पोटाच्या मऊ मांसात, जेथे हाडाचे काही काम नाही तेथे, शरीराने स्वतःच ते तयार केलेले असते. डॉक्टर याला ‘हेटरोटोपिक ऑसिफिकेशन’ म्हणतात. सोप्या भाषेत, भलत्या जागी हाड वाढणे. ते का वाढते, केव्हा ते निरुपद्रवी असते, केव्हा जिवावर बेतते आणि अशा वेळी काय करावे, काय करू नये, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे म्हणून हा लेख.

हे खरेच हाड असते काय?

शरीरात कठीण लागणारे सगळेच हाड नसते. जुन्या जखमेत किंवा क्षयाच्या जुन्या गाठीत चुना साचतो. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी क्षार धरावेत तसा तो नुसता थर असतो. त्यात जीव नसतो.

आपण ज्याविषयी बोलत आहोत ते हाड मात्र जिवंत असते. त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर हाडाचे थर दिसतात, रक्तवाहिन्या दिसतात, आणि ते पुरते पक्व झाले असेल तर आत मज्जासुद्धा आढळते. मांडीचे हाड जसे असते तसेच हे. फरक एवढाच की ते आपल्या जागी नसते.

सांगाड्याच्या बाहेर हाड असणे निसर्गाला अगदीच परके नाही. बैलाच्या हृदयात लहान हाडे असतात. टर्की पक्ष्याच्या पायातल्या शिरा, म्हणजे स्नायूंचे दोर, वयाबरोबर हाडासारखे कडक होतात. माणसाच्या पोटात मात्र अशी कोणतीही योजना नाही. तेथे हाड आले म्हणजे दुरुस्तीच्या कामात कोठेतरी चूक झाली असे समजावे.

वैद्यकाला हे कसे कळत गेले

पोटाच्या ऑपरेशनच्या व्रणात हाड सापडल्याची पहिली नोंद जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मॅक्स आस्कानाझी यांच्या नावावर आहे. ते साल १९०१. त्यानंतर पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागून पाय लुळे पडलेल्या सैनिकांच्या सांध्यांभोवती हाड वाढत असल्याचे फ्रान्समध्ये दिसून आले. ऑगस्टा देजेरीन-क्लुम्प्के या विदुषी डॉक्टर आणि त्यांचे सहकारी सेलिए यांनी १९१८ मध्ये ते वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे जखम एका ठिकाणी आणि हाड दुसऱ्याच ठिकाणी, असेही घडू शकते हे कळले.

१९३१ मध्ये चार्ल्स हगिन्स या अमेरिकन शल्यवैद्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. कुत्र्याच्या मूत्रमार्गाच्या आतील अस्तराचा तुकडा त्यांनी त्याच्या पोटाच्या भिंतीतील चिवट पडद्यात बसवला. काही आठवड्यांत तेथे हाड तयार झाले. तो तुकडा हाडाचा नव्हता आणि तो पडदाही हाडाचा नव्हता; पण दोघे एकत्र आले आणि हाड झाले. याच हगिन्स यांना पुढे १९६६ मध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६५ मध्ये अमेरिकेतीलच मार्शल युरिस्ट यांनी पुढचे पाऊल टाकले. हाडातील सगळा चुना आम्लाने काढून टाकून उरलेला मऊ भाग त्यांनी प्राण्यांच्या स्नायूंत ठेवला. तेथे नवे हाड उगवले. हाडाच्या त्या मऊ भागात काही प्रथिने असतात आणि ती आसपासच्या पेशींना ‘हाड व्हा’ असा हुकूम देतात, असे यातून निष्पन्न झाले. या प्रथिनांना डॉक्टर थोडक्यात ‘बीएमपी’ म्हणतात. पाठीच्या काही ऑपरेशनांत मणके जोडण्यासाठी आज हेच प्रथिन मुद्दाम वापरतात. जे प्रथिन योग्य जागी उपकारक, तेच भलत्या जागी त्रासदायक.

१९७५ मध्ये चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्वांचा मेळ घातला. भलत्या जागी हाड होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात असे त्यांनी मांडले. एक, हाडात रूपांतर होऊ शकतील अशा पेशी. दोन, त्यांना चेतवणारे द्रव्य. तीन, त्यांना मानवेल अशी जागा. शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. बी, पाऊस आणि जमीन ही तिन्ही जुळली तरच कोंब फुटतो. स्नायू आणि चिवट पडदे यांची जमीन या पिकाला मानवते. यकृताची, प्लीहेची मानवत नाही.

चूक होते ती कोठे?

हाड मोडले की शरीर काय करते ते पाहू. मोडल्या जागी रक्त साकळते, सूज येते, दाह होतो. त्या दाहातून निघालेल्या द्रव्यांमुळे आसपासच्या तरुण पेशी जाग्या होतात. त्या प्रथम कुर्चा, म्हणजे कुरकुरीत मऊ हाड, तयार करतात. मग त्यात चुना भरतो आणि पक्के हाड तयार होते. मोडलेला हात सहा आठवड्यांत सांधतो तो याच कारागिरांमुळे.

पोटाला मोठा मार बसतो तेव्हाही रक्त साकळते, सूज येते, दाह होतो. बहुतेक माणसांत या दाहानंतर साधा व्रण तयार होतो आणि काम संपते. थोड्या माणसांत मात्र हाड सांधण्याचा हुकूम सुटतो. कारागीर येतात, पाहतात तर सांधायला हाडच नाही. तरी ते आपले काम चोख करतात. हा आगाऊपणा काही जणांतच का होतो याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. पुरुषांत तो बायकांपेक्षा कितीतरी अधिक दिसतो एवढे नक्की.

एक गैरसमज येथेच दूर करू. हे हाड दूध, अंडी, नाचणी किंवा पानातला चुना खाल्ल्यामुळे वाढत नाही. अशा रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण सहसा नेहमीसारखेच असते. ऑपरेशन झालेल्या अशक्त माणसाचे दूध आणि अंडी बंद केल्याने व्रणातले हाड थांबत नाही. माणूस मात्र आणखी अशक्त होतो.

पहिली जागा: व्रणाच्या आत

पोटाच्या मध्यावर, छातीच्या हाडापासून ओटीपोटाच्या तळच्या हाडापर्यंत, एक चिवट पांढरी रेघ असते. दोन्ही बाजूंच्या स्नायूंचे पडदे तेथे एकमेकांत विणलेले असतात. तातडीचे ऑपरेशन करताना सर्जन बहुधा याच रेघेवरून उभा छेद घेतात, कारण त्या वाटेने पोट लवकर उघडते, रक्तस्राव कमी होतो आणि आतले सगळे अवयव दिसतात. भलत्या जागचे हाड बहुतेक वेळा याच उभ्या छेदात वाढते, आणि त्यातही बेंबीच्या वरच्या भागात अधिक. सिझेरियनसाठी खाली आडवा छेद घेतात तेथे ते क्वचितच आढळते.

याविषयी दोन मते आहेत. एक असे की, छेद घेताना छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला धक्का लागतो, त्याच्या आवरणाचे सूक्ष्म कण जखमेत पडतात आणि पेरलेल्या बियांसारखे रुजतात. दुसरे मत असे की, जखमेतल्या तरुण पेशीच वाट चुकून हाडाच्या पेशी होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण जेथे आसपास कोणतेच हाड नाही अशा जागीही हे हाड वाढते, त्यामुळे केवळ पहिल्या मताने काम भागत नाही.

असे हाड बहुधा ऑपरेशननंतर पहिल्या वर्षाच्या आत दिसू लागते. पुष्कळांना त्याचा काहीच त्रास नसतो. दुसऱ्या कारणासाठी फोटो काढावा आणि ते अवचित दिसावे, असेही होते. काहींना मात्र वाकताना, खोकताना, नांगर धरताना किंवा डोक्यावर भारा घेताना दुखते. हे हाड कॅन्सर नव्हे.

दुसरी जागा: आतड्यांच्या पडद्यात

दुसरी जागा क्वचित आढळते, पण ती अधिक धोक्याची. बोकड सोलताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की आतडी पोटात मोकळी पडलेली नसतात. पंख्यासारख्या पसरलेल्या एका चरबीदार पडद्याने ती पाठीच्या बाजूला धरून ठेवलेली असतात. आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या सगळ्या वाहिन्या याच पडद्यातून जातात. त्याला ‘मेसेंटरी’ म्हणतात.

पोटाच्या ऑपरेशननंतर या पडद्यात हाड झाल्याची नोंद १९८३ मध्ये हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १९९९ मध्ये विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आणखी रुग्णांचे वर्णन करून या विकाराला त्याचे आजचे नाव दिले. आजवर नोंदलेले रुग्ण जगभर मिळूनही थोडेच आहेत. त्यांतले बरेच मध्यम वयाचे पुरुष. पोटाला मोठी इजा झालेले किंवा पोटाची एकामागून एक ऑपरेशने झालेले.

व्रणातल्या हाडाला वर्ष लागू शकते. हे हाड कधीकधी काही आठवड्यांतच उभे राहते. रुग्ण बरा होत आहे असे वाटत असतानाच त्याचे पोट फुगू लागते, उलट्या सुरू होतात, आतडे पुढे काही ढकलत नाही. कारण मऊ, लवचीक पडद्याच्या जागी आता कंगोरेदार कठीण जाळे तयार झालेले असते. त्यात आतडी आवळली जातात. पोट पुन्हा उघडावे तर आतडी त्या हाडात अशी गुंतलेली की सोडवताना फाटण्याची भीती. शिवाय नव्या ऑपरेशनाने नवा दाह, आणि नव्या दाहाने आणखी हाड. या कोंडीमुळे हा विकार सर्जनांनाही कठीण जातो.

अशा रुग्णांची गाठ आज का पडते?

पूर्वी पोटाला भयंकर इजा झालेला माणूस टेबलावरच दगावत असे. गेल्या काही दशकांत रीत बदलली. सगळी दुरुस्ती एकाच वेळी करण्याचा हट्ट सोडून सर्जन प्रथम फक्त रक्त आणि घाण थांबवतात, रुग्णाला उबेत ठेवून सावरू देतात आणि एक-दोन दिवसांनी पोट पुन्हा उघडून उरलेले काम करतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील सर्जनांनी १९९३ मध्ये या पद्धतीला ‘डॅमेज कंट्रोल’ हे नाव दिले. बुडत्या जहाजाचे भोक आधी बुजवायचे, रंगरंगोटी मागाहून, असा त्याचा अर्थ. मधल्या काळात सुजलेले पोट शिवता येत नसेल तर ते उघडेच ठेवून त्यावर निर्जंतुक प्लास्टिकची पिशवी शिवतात. कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात १९८४ मध्ये ही युक्ती प्रथम वापरली गेली, म्हणून तिला ‘बोगोटा बॅग’ म्हणतात.

या रीतीने पुष्कळांचे प्राण वाचले. पण पोट पुन्हा पुन्हा उघडणे, आतडी अनेक दिवस सुजलेली राहणे, जखमेत पू होणे, या गोष्टी दाह वाढवतात. त्यातून काही थोड्यांच्या वाट्याला हे हाड येते. युद्धातही हेच दिसले. इराक आणि अफगाणिस्तानच्या लढायांत हातपाय गमावलेल्या अमेरिकन सैनिकांची पाहणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या थोटकात असे हाड आढळले. तेव्हा व्रणाखाली हाड लागले तर डॉक्टरांनी काही चूक केली असे लगेच समजू नये. बहुधा तो मोठ्या इजेतून जगल्याचा खुणेचा दगड असतो.

ओळखावे कसे?

व्रणाजवळ काही हाताला लागले तर प्रत्येक वेळी ते हाडच असते असे नाही. साधारण फरक असा:

खोकताना किंवा उभे राहिल्यावर फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर तो आत जातो, मऊ लागतो: हा बहुधा हर्निया. ऑपरेशनानंतर हाडापेक्षा हाच अधिक वेळा होतो.

जागा लाल, गरम, ठणकणारी, सोबत ताप: आत पू झाला असण्याचा संभव.

व्रणाच्या रेषेतच लांबट, अगदी कठीण, खोकल्याने न बदलणारे, ताप नाही: हे हाड असू शकते.

पूर्वी कॅन्सरचे ऑपरेशन झाले होते आणि आता व्रणात गाठ आली: हे हाड असेल असे स्वतः ठरवून घरी बसू नये. विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

निश्चित निदान फोटोने होते. साधा एक्स-रे पहिल्या काही आठवड्यांत फसवा असतो, कारण चुना भरायला तीन-चार आठवडे लागतात. सीटी स्कॅनमध्ये हाड अधिक स्पष्ट दिसते. बाहेरून पक्के आणि आत कोवळे, अशी त्याची ठेवण असते. विसरलेल्या कात्रीची शंकाही याच फोटोत फिटते.

पोटाच्या आतले हाड ओळखणे मात्र अवघड. सीटी स्कॅनआधी पाजलेले पांढरे औषध आतड्यातून गळाले की काय, असा भास त्याच्यामुळे होतो. तसेच कोवळ्या हाडाचा तुकडा तपासायला पाठवला तर तो हाडाच्या कॅन्सरसारखा दिसू शकतो. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांना पूर्वीच्या इजेची आणि ऑपरेशनांची पूर्ण माहिती मिळणे फार महत्त्वाचे. इस्पितळातून घरी सोडताना दिलेला कागद जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना तो प्रथम दाखवा.

उपाय काय?

व्रणातले हाड त्रास देत नसेल तर त्याला काही करू नये. ते तेथे राहिले म्हणून आयुष्य कमी होत नाही. त्रास होत असेल तर सर्जन ते कापून काढतात आणि कडा नीट जुळवून शिवतात. एकदा नीट काढल्यावर व्रणातले हाड पुन्हा होणे क्वचितच. पण घाई नको. कोवळे हाड काढले तर ते परत येण्याचा धोका अधिक असतो. त्याला पक्व व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. हिरवी कैरी झाडावरून ओरबाडण्यापेक्षा पाडाला लागू द्यावी तसेच हे.

आतड्यांच्या पडद्यातील हाडाबाबतही शक्य असेल तेथे थांबणे हाच मार्ग. आतड्यांना विश्रांती, नाकातून नळी, शिरेवाटे पोषण, आणि आतडे आपोआप मोकळे होते का याची वाट पाहणे. आतडे सडण्याची किंवा फुटण्याची चिन्हे दिसली तर मात्र थांबता येत नाही. तेव्हा ऑपरेशन करावेच लागते.

औषधांचे म्हणाल तर खुब्याचा सांधा बदलल्यानंतर हाड वाढू नये म्हणून इंडोमेथासिनसारखी दाह कमी करणारी गोळी किंवा थोड्या प्रमाणात किरणोपचार देतात आणि त्याचा उपयोग होतो. पोटात हे जसेच्या तसे लागू करता येत नाही. आतड्यांना किरण सोसत नाहीत आणि त्या गोळीने पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांवरही ताण येतो. म्हणून ताज्या ऑपरेशनानंतर ही गोळी दुकानातून स्वतः आणून घेऊ नये. ती द्यायची की नाही हे सर्जनच ठरवतील.

काय करू नये

तेल लावून जोराने चोळू नये. आपल्याकडे कोपर दुखावल्यावर हाडवैद्याकडून जोरदार मालिश करून घेण्याची चाल आहे आणि त्यामुळे कोपराच्या स्नायूंत हाड होऊन सांधा कायमचा आखडल्याची उदाहरणे हाडांच्या डॉक्टरांना नेहमी दिसतात. ज्या जागी दाह आहे ती चोळणे म्हणजे विझत आलेल्या आगीत फुंकर घालणे. पोटावरच्या व्रणालाही हेच लागू आहे.

बिब्बा घालू नये, डाग देऊ नये. त्याने कातडी भाजते, जखम होते आणि आतले हाड जागच्या जागी राहते.

सुई टोचून किंवा चिरा देऊन आत काय आहे ते पाहू नये.

वाचकांच्या मनातील काही शंका

ऑपरेशनानंतर पोटाला पट्टा बांधला तर हाड होणार नाही काय? पट्ट्याने आधार मिळतो, दुखणे कमी होते. हाड मात्र त्याने थांबत नाही.

पुन्हा पोटाचे ऑपरेशन करायची वेळ आली तर? पूर्वी व्रणात किंवा पोटात हाड झाले होते हे सर्जनला आधीच सांगावे. मग ते छेद कोठून घ्यायचा, कोणती काळजी घ्यायची हे आधी ठरवू शकतात.

अपघातात डोक्याला किंवा कण्यालाही मार लागला असेल तर? अशा माणसाला खुबा, कोपर, गुडघा या सांध्यांभोवतीही हाड होऊ शकते. पोट बरे झाले पण पाय जवळ घेता येत नाही, सांधा सुजून आखडत चालला आहे, असे दिसले तर तेही डॉक्टरांना सांगावे.

मुलांना हे होते काय? जन्मतः असणारा, अत्यंत विरळा असा एक निराळा रोग आहे. त्यात लहानशा माराने किंवा इंजेक्शनानेही स्नायूंचे हाड होत जाते. त्याचे मूळ असलेला जनुकातील दोष २००६ मध्ये सापडला. या मुलांच्या पायाचा अंगठा बहुधा जन्मापासूनच आखूड आणि वाकडा असतो. अंगठा असा आहे आणि पाठीवर किंवा मानेवर कठीण गाठी येत आहेत, असे मूल असेल तर गाठीचा तुकडा काढण्याआधी ही शंका डॉक्टरांजवळ बोलून दाखवावी. या रोगात चाकू लावण्याने नुकसानच होते.

केव्हा धावत जावे?

पोटाचे मोठे ऑपरेशन झालेल्या माणसाचे पोट फुगत चालले आहे, हिरवट उलट्या होत आहेत, शौचाला होत नाही आणि वाराही सरत नाही. किंवा ताप येऊन पोट फळीसारखे ताठ झाले आहे. किंवा व्रणातून घाण वास येणारे पाणी येऊ लागले आहे: यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नये. तोंडाने काही देऊ नये, जुलाबाचे औषध तर मुळीच नको. ज्या इस्पितळात सर्जन आहे तेथे, जुन्या कागदांसह, लगेच न्यावे.

व्रणाखाली नुसते कठीण लागत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. चोळू नका, भाजू नका, लपवू नका. एकदा दाखवून घ्या, फोटो काढा आणि डॉक्टर म्हणाले तर निवांत वाट पाहा. ज्यांच्या घरी पोटाचे मोठे ऑपरेशन झालेले कोणी असेल त्यांना हा लेख अवश्य वाचून दाखवावा.